जिमखान्याचे दप्तर आणि माहितीचा अधिकार

महाविद्यालयाच्या कारभारात जिमखाना हे खाते दुय्यम मानले जाते. प्रवेश आणि परीक्षा या खात्यांच्या वाट्यास जी दक्षता येते ती त्याच्या वाट्यास येत नाही. म्हणून माहितीच्या अधिकाराची चर्चाही उत्तरपत्रिका, नेमणुका आणि कंत्राटे यांच्यापाशीच बहुधा थांबते. वस्तुतः क्रीडाविभागाच्या दप्तरात पुष्कळ काही असते. विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या क्रीडाशुल्काचा हिशेब, साहित्याची साठा-नोंदवही, संघाच्या प्रवासाची बिले हा त्याचा एक भाग. निवड-चाचणीची नोंद, संघाची यादी, पात्रता-अर्ज आणि प्रमाणपत्रांची नोंदवही हा दुसरा. पहिल्या भागाची तपासणी निदान लेखापरीक्षक तरी करतो. दुसऱ्या भागास असा कोणी वाली नाही, आणि गुप्ततेचा खरा प्रश्न तेथेच उद्भवतो.

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले असून सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक आहे; आता तेथे औद्योगिक वसाहतही आहे. या परिसरात कबड्डी वा कुस्ती खेळणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे बेटावद, अमळनेर, धरणगाव मागे टाकून गाठावयाचे जळगाव. संघात आपले नाव आले की नाही, हा त्याच्यापुरता हौसेचा प्रश्न नव्हे. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण ठेवले आणि १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याच्या नियमांची फेरमांडणी केली. आंतरविद्यापीठ स्पर्धांतील प्रावीण्यास या व्यवस्थेत स्थान आहे. आणि त्या स्पर्धांची पहिली पायरी म्हणजे महाविद्यालयाच्या मैदानावरील निवड-चाचणी. तेथे एक नाव गळून दुसरे चढले तर त्याचा परिणाम काही वर्षांनी नोकरीच्या यादीत उतरतो. ट्रॅम्पोलीनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे राज्यात उघडकीस आली तेव्हा खोटा कागद पकडला गेला, हे ठीकच झाले. परंतु कागद खरा आणि निवड खोटी, असा प्रकार घडला तर तो पकडावयाचा कशाच्या आधारे? ज्या मूळ नोंदीशी ताडून पाहावयाचे ती नोंदच दृष्टीआड असते.

ही नोंद एका ठिकाणी नसते, ही पहिली अडचण. चाचणी महाविद्यालय घेते, पात्रता विद्यापीठ तपासते, आणि महाविद्यालय चालविणारी शिक्षणसंस्था स्वतःस खाजगी म्हणवून घेते. अर्जदारास एका दारावरून दुसऱ्या दारावर धाडण्यास ही रचना फार सोयीची आहे. खानदेशात तीत आणखी एक गुंता आहे. जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. तत्पूर्वी येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होती. तेव्हा त्या पिढीतील खेळाडूच्या नोंदीचा माग जळगावात संपत नाही.

कायद्याच्या भाषेत पहिला प्रश्न असा की, महाविद्यालय हे ‘सार्वजनिक प्राधिकरण’ आहे काय? २००५ च्या अधिनियमाच्या कलम २(ह) मध्ये शासनाकडून मोठ्या प्रमाणावर वित्तसाहाय्य मिळणाऱ्या अशासकीय संस्थांचाही समावेश आहे. २०१३ साली थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांचा अर्थ संकुचित लावला. १७ सप्टेंबर २०१९ च्या डी. ए. व्ही. महाविद्यालय न्यासाच्या निकालात तो पुष्कळसा मोकळा केला. साहाय्य निम्म्याहून अधिक असलेच पाहिजे असे नाही, सवलतीने मिळालेली जमीन हेदेखील अप्रत्यक्ष साहाय्य ठरू शकते, आणि अशी महाविद्यालये अधिनियमाच्या कक्षेत येतात, हे या निकालाचे सार होय. अनुदानित महाविद्यालयांपुरता वाद येथे मिटावयास हरकत नाही.

तथापि या निकालाचे मोजमाप पैशाचे आहे, आणि क्रीडाविभागाच्या बाबतीत ते अपुरे पडते. विनाअनुदानित महाविद्यालयाचा संघही विद्यापीठाच्याच स्पर्धेत उतरतो व त्यातील खेळाडू विद्यापीठाच्याच नावाने खेळतो. मग त्याची निवड खाजगी कशी? २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमातही हेच मोजमाप पुन्हा दिसते: जी क्रीडासंघटना शासकीय साहाय्य घेते ती, आणि तेही त्या निधीच्या विनियोगापुरती, सार्वजनिक प्राधिकरण. याहून अधिक मूलगामी विचार २००५ च्या झी टेलिफिल्म्स प्रकरणात सापडतो. क्रिकेट नियामक मंडळ हे घटनेच्या अनुच्छेद १२ खालील ‘राज्य’ नव्हे असे बहुमताने ठरले खरे. पण देशाच्या संघाची निवड करणे यांसारखी मंडळाची कामे सार्वजनिक कर्तव्याच्या जातीची आहेत, हेही त्याच निकालात मान्य झाले. हे सूत्र मंडळापेक्षा विद्यापीठास अधिक लागू पडते. दुर्दैवाने माहितीच्या कायद्याने ते उचलले नाही. विनाअनुदानित महाविद्यालयाच्या बाबतीत त्यातल्या त्यात उपयोगी असे कलम २(फ) हेच होय. खाजगी संस्थेची जी माहिती अन्य कायद्यान्वये सार्वजनिक प्राधिकरणास मिळविता येते तीही त्या कलमाप्रमाणे ‘माहिती’ ठरते. आणि संलग्न महाविद्यालयाकडून विद्यापीठास जे मागविता येते त्यास संघाची यादी अपवाद असण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न विद्यार्थ्याच्या खाजगीपणाचा. हा आक्षेप पोकळ नाही. पात्रता-अर्जावर जन्मतारीख असते, शालान्त परीक्षेचा तपशील असतो, प्रसंगी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलेले असते. एखाद्या मुलीच्या दुखापतीची वा आजाराची माहिती कोणा तिऱ्हाइताच्या हाती पडावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु हा आक्षेप विद्यार्थ्याच्या नावाने उभा राहतो आणि संस्थेच्या कामी येतो, असे अमेरिकेतील अनुभवावरून दिसते. तेथे १९७४ साली विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या संरक्षणासाठी संघराज्याचा कायदा झाला. २००९ साली ओहायो राज्यातील ‘कोलंबस डिस्पॅच’ या वृत्तपत्राने ११९ विद्यापीठांच्या क्रीडाविभागांकडे सारखीच कागदपत्रे मागितली: विमानप्रवासाच्या याद्या, फुकट तिकिटे मिळालेल्यांची नावे, उन्हाळी नोकऱ्यांची माहिती आणि नियमभंगाचे अहवाल. कायदा एकच असता काहींनी नावांसह कागद दिले, काहींनी ओळीच्या ओळी काळ्या करून दिले, काहींनी दिलेच नाहीत. कायद्याचे जनक जेम्स बकली यांनीच या अर्थविस्तारावर नापसंती व्यक्त केली. २०११ साली नॉर्थ कॅरोलायनातील न्यायालयापुढे फुटबॉलपटूंच्या वाहनतळावरील दंडाच्या पावत्यांचा प्रश्न आला, तेव्हा न्यायाधीश मॅनिंग यांनी त्या शैक्षणिक नोंदी नव्हेत असा निर्णय दिला. पुढल्याच वर्षी ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्य विद्यापीठाच्या प्रकरणात बव्हंशी विद्यापीठाची बाजू उचलून धरली. म्हणजे सीमारेषा कोठे ओढावयाची याबद्दल तेथेही एकवाक्यता नाही.

आपल्याकडे ही सीमारेषा कलम ८(१)(ञ) मध्ये होती आणि मूळ शब्दयोजना बरीच विवेकी होती. वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कार्याशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने खाजगी जीवनावर अवाजवी आक्रमण होत असेल, तरच ती नाकारता येई. शिवाय जी माहिती संसदेस वा विधानमंडळास नाकारता येत नाही ती कोणासही नाकारू नये, असे परंतुक होते. ३ ऑक्टोबर २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवकाच्या सेवाविषयक बऱ्याच माहितीस वैयक्तिक ठरविले. या परंतुकाची पुरेशी छाननी त्या निकालात होत नाही, हा त्याचा मोठा दोष होय. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४(३) ने तर सर्व अटी व परंतुक काढून ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. संघाच्या यादीत व्यक्तींची नावे असतातच. त्या न्यायाने यादीही वैयक्तिक म्हणता येईल, आणि ती तशी म्हटली जाण्याचा धोका आता वाढला आहे.

या दुरुस्तीचा दोष असा की, तिने व्यक्तीची नोंद आणि व्यक्तीविषयी सार्वजनिक अधिकाराने घेतलेल्या निर्णयाची नोंद यांतील भेद पुसून टाकला. खेळाडूचे वजन, आजार, घरचा पत्ता ही पहिल्या प्रकारची माहिती. चाचणी कोणत्या दिवशी झाली, सूचना किती दिवस आधी लागली, निवडसमितीवर कोण होते, कोणास कोणता क्रमांक मिळाला आणि क्रमांक मिळूनही कोण वगळले गेले, ही दुसऱ्या प्रकारची. वगळला गेलेला विद्यार्थी जे विचारतो ते दुसऱ्या प्रकारचेच असते. दुसऱ्याची जन्मतारीख त्यास क्वचितच हवी असते; वयाच्या खोट्या दाखल्याचा संशय असेल तेव्हा ती हवी असते, आणि तो प्रसंग अर्थातच अवघड आहे.

तरीही मार्ग सर्वस्वी बंद झालेला नाही. सार्वजनिक हित वरचढ असल्यास अपवादातील माहितीही देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये कायम आहे, आणि झाकावयाचा भाग वेगळा काढून उरलेला देण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे. परंतु कलम ८(२) चा आधार घ्यावयाचा म्हणजे सार्वजनिक हित पटवून देण्याचे ओझे व्यवहारात अर्जदारावर येते. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमदुरुस्तीप्रमाणे अर्ज एका विषयाचा व साधारणतः दीडशे शब्दांचा असावा लागतो. तेवढ्या शब्दांत मागणी मांडावयाची, हितही सिद्ध करावयाचे, आणि उत्तरासाठी तीस दिवस थांबावयाचे. तोवर संघ स्पर्धा खेळून परतही येतो. म्हणून अर्जावर विसंबण्यापेक्षा कलम ४ कडे वळणे श्रेयस्कर. त्यातील ४(१)(ब) खालच्या सतरा बाबी संस्थेने आपण होऊन प्रसिद्ध करावयाच्या असतात, ४(१)(क) आणि ४(१)(ड) प्रमाणे बाधित व्यक्तींस निर्णयाची वस्तुस्थिती व कारणे सांगावयाची असतात, आणि ४(४) प्रसाराच्या बाबतीत स्थानिक भाषेचा विचार करावयास सांगते. निवड-चाचणीचा निकाल कारणांसह मराठीत फलकावर लागला व त्याची प्रत नोंदवहीत क्रमांकाने राहिली, तर या तरतुदींचे पालन होते. त्यास नवा कायदा लागत नाही, वेगळा खर्चही लागत नाही. क्रीडासंचालकाची सही आणि तारीख मात्र लागते.