साडेतीन चौरस मीटरच्या पलीकडे
आपत्ती व्यवस्थापनाच्या वर्गात आपण ‘स्फिअर’ पुस्तिकेतली किमान मानकं शिकवतो: माणशी रोज १५ लिटर पाणी, साडेतीन चौरस मीटर निवारा. आकडे हवेतच, मदत देणाऱ्याला जाब त्यांच्यामुळेच विचारता येतो. पण परिस्थिती बघून ते वापरा, हे त्याच पुस्तिकेतलं सांगणं आपण परीक्षेत विचारत नाही. किल्लारीचंच बघा ना. १९९३च्या भूकंपानंतर नवी गावं वसली, रस्ते सरळ, घरं जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची. हिशेब चोख! पण गुरं कुठं बांधायची? भावकीचा शेजार कुठं गेला? म्हणून आमचं म्हणणं एवढंच: विद्यार्थ्यांना आधी गावात बसून ऐकायला शिकवू, मग मोजायला.