स्तोत्र की चरित्र?

चरित्र आणि स्तोत्र यांतील भेद मराठी समीक्षेस नवा नाही. चरित्रकार नायकाच्या जीवनातील विसंगतींनाही स्थान देतो. स्तोत्रकार केवळ त्याचे माहात्म्य गातो. पोपच्या सार्वजनिक जीवनाची छायाचित्रे यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतात, हा प्रश्न थोरांचे जीवन शब्दांत मांडणाऱ्या लेखकालाही टाळता येणारा नाही.

सहावे पॉल २ डिसेंबर १९६४ रोजी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसच्या निमित्ताने मुंबईस आले. भारतात आलेले ते पहिले पोप. दुतर्फा लोटलेल्या गर्दीत ख्रिस्तेतरही पुष्कळ होते. ते दर्शनासाठी आले होते. कॅमेऱ्यानेही दर्शनच घडवले: शुभ्र वेष, आशीर्वादाचा हात. परंतु त्या भेटीचा गाभा शब्दांत होता. अन्य धर्मीयांपुढे बोलताना पोपनी बृहदारण्यकातील प्रार्थनेचा आधार घेतला; पत्रकारांमार्फत त्यांनी राष्ट्रांना आवाहन केले की, शस्त्रांवरील खर्चाचा काही अंश दरिद्री जनतेसाठी द्यावा. उंचावलेल्या हाताच्या चित्रात यातले काहीच उमटत नाही. विधीतील मुद्रा पदाची असते, व्यक्तीची नव्हे.

१९८६ मध्ये भारतात आलेले दुसरे जॉन पॉल तारुण्यात क्राकोच्या नाट्यमंडळीत वावरलेले होते. मुद्रेचे सामर्थ्य ते जाणत. म्हणून त्यांची चित्रे अधिक बोलकी वाटतात, आणि म्हणूनच समीक्षकाने तेथे अधिक सावध राहावे.

मग या क्षेत्रात चरित्र संभवतच नाही काय? आर्तुरो मारी यांनी व्हॅटिकनच्या दैनिकासाठी सहा पोपांची चित्रे घेतली. २५ मार्च २००५ च्या गुड फ्रायडेला त्यांनी टिपलेले जॉन पॉल पाठमोरे आहेत. खासगी प्रार्थनागृहात क्रूस धरून बसलेले. चेहरा नाही, आशीर्वाद नाही. आठ दिवसांनी ते निवर्तले. हेही वेदनेचे स्तोत्रच, असा आक्षेप घेता येईल. परंतु हे चित्र आपल्याकडे नमस्कार मागत नाही. एका थकलेल्या वृद्धाजवळ आपल्याला उभे करते. दरबारी छायाचित्रकाराच्या हातूनच हे घडावे, हे विशेष.

म्हैसूरचे टी. एस. सत्यन यांनी मुले आणि कष्टकरी यांची चित्रे आयुष्यभर घेतली. तेथे पदच नसल्यामुळे व्यक्तीपर्यंतचा मार्ग मोकळा होता. थोरांच्या चित्रकाराला तो मार्ग प्रत्येक वेळी शोधावा लागतो. आपल्या चरित्रवाङ्मयातही आशीर्वादाचे हात विपुल आहेत. पाठमोरी माणसे विरळा.

चामराजपुरम, म्हैसूर