दुर्मिळ आणि थोर

जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांचे रसिकांवर मोठे ऋण आहे. लाखेच्या त्या ठिसूळ तबकड्या एरवी मोडीतच गेल्या असत्या. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ निघाली, ती याच आस्थेतून. परंतु संग्राहकाचे माप आणि रसिकाचे माप एक नव्हे. एखादी तबकडी दुर्मिळ असते, ती पुष्कळदा त्या काळी खपलीच नाही म्हणून. उलट, घरोघर वाजलेली तबकडी पोलादी सुईने झिजते व खरखरू लागते. ती खरखर ही श्रोत्यांनी दिलेली पावतीच होय.

आमच्या नाशिकचेच उदाहरण घ्या. द. वि. पलुसकर १९२१ साली येथे जन्मले आणि १९५५ साली, अवघ्या ३४ वर्षांचे असताना गेले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्या अवकाशात रागाचे रूप उभे करायचे, आलाप आटोपशीर ठेवायचा आणि तानेखाली बंदिश झाकू द्यायची नाही, हा संयम त्यांना सहज साधला होता. अशा गाण्याची झिजलेली प्रतही मोलाची ठरते. म्हणून संग्राहकाने तबकडीचा भाव सांगण्याआधी ती एकदा वाजवून दाखवावी. कपाटात कुलपाआड पडलेले गाणे कितीही दुर्मिळ असले, तरी ते मुकेच.