एका दिवसाचें बीड

मराठींत प्रवासवर्णनाचें पीक मोठें आहे. परंतु तें बहुधा दूरच्या जमिनींत येतें. अनंत काणेकरांचें 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे' १९४० सालीं निघालें, पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० सालीं; आणि त्यानंतर परदेशीं जाऊन आलेल्या गृहस्थानें पुस्तक लिहिल्यावांचून राहावें हेंच नवल ठरलें. याउलट घरापासून पन्नास कोसांवर असलेल्या स्थळाविषयीं जें लिहिलें जातें, तें वाङ्मय म्हणून लिहिलेंहि जात नाहीं व वाचलेंहि जात नाहीं. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंकांतील 'सहली' आणि देवळाबाहेरच्या दुकानांत मिळणाऱ्या पुस्तिका यांवर तें काम सोपवून आपण मोकळे झालों आहों. असल्या लिखाणाकडे टीकाकारानें कशास पाहावें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, कादंबरी वाचून मनुष्य घरींच राहतो, पण पुस्तिका वाचून तो बायकामुलांसह घराबाहेर पडतो. ज्या लिखाणाचा परिणाम इतका प्रत्यक्ष, त्याचें परीक्षण कधींच होऊं नये, हें न्यायाचें नव्हे.

उदाहरणादाखल आम्हीं बीड जिल्ह्यावरील लिखाण घेतलें आहे. जिल्हा आडबाजूचा समजला जातो. त्यावर मोठे ग्रंथ थोडे आणि छोटे लेख पुष्कळ. शिवाय २०२५ सालीं बीड शहर लोहमार्गानें अहिल्यानगराशीं जोडलें गेलें असल्यामुळें तेथें सहज म्हणून जाणारांची संख्या वाढेल असा संभव आहे. त्या लोकांच्या हातीं आपण काय देणार आहों, हा प्रश्न अशा वेळीं अप्रस्तुत ठरूं नये.

या लिखाणाचा सांचा ठरलेला आहे. आरंभीं 'कसें जावें', अखेरीस 'जेवणाखाण्याची सोय', आणि मध्यें नांवांची माळ: कंकालेश्वर, खजाना विहीर, कपिलधार, सौताडा, नायगांवचें मयूर अभयारण्य, अंबाजोगाई, परळी. यांतील बरीचशीं स्थळें 'एका दिवसांत उरकतां येतात' असें आश्वासनहि पुष्कळदां असतें. बीडहून अंबाजोगाई सुमारें ९० किलोमीटर, तेथून परळी आणखी पंचवीस. सौताडा तर भलत्याच दिशेस, जामखेडच्या वाटेवर. नकाशा पुढें ठेवला असतां हें आश्वासन टिकत नाहीं. पण आमचा आक्षेप हिशेबापेक्षां शब्दावर अधिक आहे. 'उरकणें' हें क्रियापद आपण धुणें, भांडीं आणि नकोशीं कार्यें यांस लावतों. ज्या स्थळीं जावें असा आग्रह करावयाचा, तेंच उरकावयास सांगावयाचें, ही या वाङ्मयाची मूळ विसंगति होय.

तीच गोष्ट विशेषणांची. 'निसर्गरम्य', 'विलोभनीय', 'डोळ्यांचें पारणें फेडणारा' हे शब्द सौताड्यास लागतात, कपिलधारेसहि लागतात. वाचकानें एक प्रयोग करून पाहावा: दोन्ही वर्णनांतील नांवें काढून टाकावीं, आणि कोणतें कोणाचें हें ओळखावें. ओळखतां येणार नाहीं. वस्तुतः या दोन स्थळांत साम्य थोडें आहे. सौताड्यास विंचरणा नदी कड्यावरून खोल दरींत उडी घेते व तळाशीं रामेश्वराचें देऊळ आहे. तेथें मनुष्य वरून खालीं पाहतो आणि प्रथम दरीचा वचक वाटतो. कपिलधारेस मन्मथस्वामींची समाधि आहे. 'परमरहस्य' हा ग्रंथ मराठींत लिहिणारे हे वीरशैव संत. कार्तिकी पौर्णिमेस त्यांच्या यात्रेला दूरदूरचे लिंगायत भाविक पायीं येतात. तेथील पाणी पाहण्याचें आहे, तसेंच तें तीर्थहि आहे. हा भेद सांगावयास अलंकार लागत नाहींत, डोळे लागतात. आणि दोन्ही ठिकाणीं पाणी पावसाच्या भरंवशावर. आषाढ-श्रावणांत जें दृश्य असतें तें चैत्रांत नसतें. पुस्तिकेंतील धबधबा मात्र बाराहि महिने कोसळत असतो. नायगांवच्या अभयारण्याचेंहि तसेंच. १९९४ सालीं सुमारें ३० चौरस किलोमीटर क्षेत्र मोरांसाठीं राखून ठेवलें गेलें. मोर बाहेर पडतो तो सकाळीं आणि सांजवेळीं. सहलीची गाडी तेथें पोंचते ती भर दुपारीं. मोर न दिसल्याचा दोष मग मोरावर येतो.

स्थळवर्णनाची मराठींत परंपराच नाहीं म्हणून असें होतें, असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. महानुभावांची 'स्थानपोथी' शेंकडों वर्षांपूर्वींची. चक्रधरस्वामींचा जेथें जेथें संचार झाला त्या त्या स्थानाची तींत नोंद आहे: देऊळ कोणत्या तोंडाचें, एक स्थान दुसऱ्याच्या कोणत्या बाजूस, कोठें बसणें झालें. एकहि फुलोरा नाहीं, आणि तरी तें वाचतांना गांव डोळ्यांपुढें उभा राहतो. कारण लिहिणाऱ्याच्या मनांत त्या जागेविषयीं आस्था होती व ती हरवूं नये ही चिंता होती. अलीकडच्या काळांत ना. गो. चापेकरांनीं १९३३ सालीं 'बदलापूर' लिहिलें आणि एका खेड्याच्या घरांची, शेतांची, चालीरीतींची बारकाईनें दखल घेतली. बीडच्या वांट्यास असा चापेकर आला नाहीं. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांतहि हा मुलूख नाहीं. कारण १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यांत होता. महाराष्ट्र सरकारचें बीड जिल्ह्याचें गॅझेटियर १९६९ सालीं निघालें. आजच्या पुष्कळ लेखांतील माहिती त्यांतलीच उतरत उतरत आलेली दिसते. उतरतांना तारखा राहिल्या आणि संदर्भ गळाले, एवढाच फरक.

अंबाजोगाईकडे वळावें म्हणजे हें गळणें किती महाग पडतें तें कळेल. योगेश्वरी ही अनेक कोंकणस्थ घराण्यांची कुलदेवता. त्यामुळें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें तेथें जाणें झालेंच असेल. आख्यायिका अशी कीं, योगेश्वरीचें लग्न परळीच्या वैजनाथाशीं ठरलें, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागीं दगड झालें आणि देवी कुमारीच राहिली. गांवाजवळच्या हत्तीखान्यांतील लेणीं व दगडी हत्ती म्हणजे तेंच वऱ्हाड. इतिहास सांगतो कीं हीं शैव लेणीं आहेत. आतां पुस्तिका काय करते? योगेश्वरीच्या परिच्छेदांत आख्यायिका, हत्तीखान्याच्या परिच्छेदांत लेणीं, परळीच्या परिच्छेदांत ज्योतिर्लिंग, असे तीन कप्पे पाडते. ज्या अनामिक लोककवीनें ही कथा रचिली त्यानें मात्र पंचवीस किलोमीटरांच्या अंतरांतील तीन स्थळें एका सूत्रांत गोंविलीं. लिहितां वाचतां येणाऱ्या लेखकापेक्षां त्याची रचनादृष्टि श्रेष्ठ होती, हें आम्हांस कष्टानें म्हणावें लागतें.

याच गांवीं यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर याच्या कुळाचे शिलालेख आहेत. खोलेश्वराचा पुत्र राम युद्धांत पडला. त्याच्या स्मरणार्थ त्याची बहीण लक्ष्मी हिनें १२४० सालीं देऊळ उभविलें. बहिणीनें भावासाठीं दगडांत कोरविलेला हा शोक पावणेआठशें वर्षें तेथें उभा आहे, आणि पुस्तिकेंत त्याबद्दल 'प्राचीन मंदिर, पाहण्यासारखें' एवढेंच येतें. दासोपंतांच्या पासोडीची लांबी-रुंदी तेवढी न चुकतां मिळते: सुमारें ४० फूट आणि ४ फूट. त्या वस्त्रावर पंचीकरण हा वेदान्ताचा विषय मराठींत लिहिलेला आहे, आणि तो लिहिणाऱ्यानें 'गीतार्णवा'सारखा प्रचंड ग्रंथ रचिला, हें सांगण्यास जागा उरत नाहीं. ग्रंथ मोजून दाखवावा आणि वाचूं नये, यापरतें वाङ्मयाचें दुर्दैव कोणतें?

दुसरा दोष निःशंकपणाचा. परळीचा वैजनाथ हें बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक, असें महाराष्ट्र मानतो. झारखंडांतील देवघरचे लोक तो मान आपल्या वैद्यनाथास देतात. मुकुंदराजांची समाधि अंबाजोगाईस आहे. परंतु विदर्भांतील आंभोऱ्याचाहि त्यांच्यावर हक्क सांगितला जातो, आणि शके १११० हा 'विवेकसिंधू'चा काळहि वादातीत नाहीं. पुस्तिकांस वाद ठाऊक नसतो, अथवा तो सांगितल्यास भक्तीस धक्का बसेल असें भय वाटतें. हें भय व्यर्थ आहे. दोन प्रांतांनीं एका कवीसाठीं भांडावें यांत त्या कवीचें मोठेपणच दिसतें. आणि परळीच्या गाभाऱ्यांत लिंगास स्वहस्तें स्पर्श करणाऱ्या भाविकाची श्रद्धा देवघराच्या उल्लेखानें ढळेल, असें आम्हांस वाटत नाहीं. मुलांस सहलीस नेणाऱ्या पित्यानें वाद लपविला तर मुलें एक नांव पाठ करून परत येतात. वाद सांगितला तर प्रश्न घेऊन येतात.

आतां आम्ही मुख्य गोष्टीकडे येतों. बीड जिल्ह्यांतील प्रेक्षणीय स्थळें एकत्र ठेवून पाहिलीं म्हणजे त्यांतून एक अर्थ निघतो, आणि तो एकाहि लेखांत आम्हांस आढळला नाहीं. तो अर्थ पाण्याचा आहे. बालाघाटच्या डोंगररांगेचा हा मुलूख पर्जन्यछायेंतला. १९७२ चा दुष्काळ तेथील वृद्ध अजून विसरले नाहींत. अशा मुलुखांत कंकालेश्वराचें देऊळ बांधणाऱ्यानें तें पाण्याच्या कुंडांत मधोमध उभें केलें. सोळाव्या शतकांत, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळीं, सलाबतखानानें बीडजवळ विहीर बांधविली, आणि तींतील पाणी जमिनीखालच्या कालव्यानें, उताराच्या बळावर, शेतांपर्यंत नेलें. मोट नाहीं, बैल नाहीं. लोकांनीं तिला 'खजाना' म्हटलें; पाण्याला याहून योग्य नांव या जिल्ह्यांत सुचणें शक्य नव्हतें. आणि गोदाकांठीं राक्षसभुवनास १० ऑगस्ट १७६३ रोजीं माधवराव पेशव्यांनीं निजामाचा पराभव केला, तोहि पावसाळ्यांतल्या गोदावरीस वगळून समजत नाहीं: निजाम पलीकडे उतरलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे, आणि मध्यें नदी. दिवाण त्या दिवशीं मारला गेला. देऊळ, विहीर, धबधबा, रणभूमि हीं चार निरनिराळ्या सदरांत घालण्याजोगीं स्थळें नव्हेत; थोडें आणि लहरी पाणी लाभलेल्या लोकांनीं त्याच्याशीं केलेल्या व्यवहाराची ती एक कथा आहे. ती कळलेल्या मनुष्यास खजाना विहिरींत कागदी पेला टाकवणार नाहीं. स्थळांचें रक्षण पाट्यांनीं होत नाहीं, समजुतीनें होतें. आणि समजूत देणें हें लेखकाचें काम आहे.

या कथेंतील माणसें मात्र या लिखाणांत कोठेंच नाहींत. दसरा-दिवाळी झाली कीं जिल्ह्यांतील लक्षावधि माणसें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि हंगामभर ती फेडावयाची. नवराबायकोच्या जोडीस तेथें 'एक कोयता' म्हणून मोजतात. हिंवाळ्याच्या सुखद हवेंत आपण ज्या गांवांवरून गाडी पुढें नेतों, त्यांतील पुष्कळ घरांस त्या वेळीं कुलपें असतात आणि ओसरीवर म्हातारीं माणसें तेवढीं बसलेलीं असतात. लेखकास हें दिसत नाहीं असें नव्हे. वर्णनांत तो त्यास 'शांत, गजबजाटापासून दूर' असें म्हणतो. त्या शांततेचें कारण विचारण्याची त्यास गरज वाटत नाहीं, हा आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे; कारण येथें भाषेचा दोष संपून मनाचा दोष सुरू होतो.

यावर असें म्हटलें जाईल कीं, सामान्य गृहस्थास आठवड्यांतून एक दिवस मोकळा मिळतो. त्यास इतिहास, वेदान्त आणि अर्थशास्त्र यांचें ओझें कशास? वाट कोणती व गाडी कोठून, एवढें कळलें म्हणजे पुरें. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. वाट बिनचूक सांगणें हीहि सेवाच आहे, आणि या पुस्तिका नसत्या तर पुष्कळ कुटुंबें सौताड्याचें नांवहि न ऐकतीं. परंतु मनुष्याजवळ एकच दिवस आहे, याच कारणास्तव त्यास सात नांवें देऊं नयेत. बीड शहर आणि कपिलधार, किंवा एकटी अंबाजोगाई, एवढेंच सांगावें. ऋतु सांगावा, वेळ सांगावी, आणि जें पाहावयाचें त्यामागें कोण माणसें होतीं व आहेत तें चार ओळींत सांगावें. लक्ष्मीची कथा सांगण्यास चार ओळी पुरतात. विशेषणें काढून टाकलीं असतां तेवढी जागा प्रत्येक लेखांत सहज निघेल.

आमची मागणी मोठ्या ग्रंथाची नाहीं. बीडच्या कोणा शिक्षकानें अथवा शिक्षिकेनें आपल्या तालुक्यापुरतीं, स्वतः पायांनीं पाहिलेलीं स्थळें घेऊन साठ पानांचें पुस्तक लिहावें. देवळाचें तोंड कोणत्या दिशेस हें लिहावें, विहिरीचें पाणी कोणाच्या शेतास जाई हें लिहावें, गांवांतून कोण केव्हां बाहेर जातें व केव्हां परततें हेंहि लिहावें. तें पुस्तक घेऊन एखादें कुटुंब दिवसभरांत एकच जागा पाहून परतलें, तरी त्यांचा दिवस सत्कारणीं लागला असें आम्ही समजूं.