उतारवयातले अक्षर : 'स्मृतिचित्रे'कडे पुन्हा पाहताना

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. लेखणी, शाई, कागद यांची तजवीज सांगताना समर्थ एक व्यवहारी इशारा देतात : तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, ते म्हातारपणी कामाला येत नाही. इथे म्हातारा माणूस गृहीत धरला आहे तो वाचणारा म्हणून. नव्याने लिहू लागणारा वृद्ध आपल्या समीक्षेलाही अजून नीट दिसलेला नाही.

तो दिसण्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांसारखे दुसरे उदाहरण नाही. त्यांचा जन्म 1868 चा. शाळा नाही, अक्षरओळख लग्नानंतर, नवऱ्याकडून. कविता त्यांनी टिळकांच्या हयातीतच केल्या. 1919 मध्ये टिळक गेल्यावर त्यांच्या अपुऱ्या 'ख्रिस्तायना'चे पुढचे 64 अध्यायही रचले. पण तो ग्रंथ टिळकांनी आखलेला होता. त्यांचे स्वतःचे गद्य प्रकटले ते साठी उलटल्यावर. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागांनी प्रसिद्ध झाली. 1936 मध्ये त्यांचे निधन झाले आणि चौथा भाग त्यांच्या पश्चात आला.

या पुस्तकाचे कौतुक करताना 'भाबडे', 'उत्स्फूर्त' अशी विशेषणे सर्रास वापरली जातात. त्यांत एक अन्याय दडलेला आहे. वडिलांचे टोकाचे सोवळे, टिळकांचे न सांगता निघून जाणे, हाती आलेला पैसा वाटून टाकणे, हे प्रसंग घडताना हसण्याजोगे नव्हते. 1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढची काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही तो धर्म स्वीकारला. हे सारे त्याच वेळी लिहिले असते तर ती फिर्याद झाली असती, नाही तर धर्मांतराची साक्ष. सुमारे पस्तीस वर्षांनी तोच मजकूर विनोदाने येतो, आणि त्या विनोदात लेखिका स्वतःलाही सोडत नाही. प्रसंग कुठे थांबवायचा, दुःख किती शब्दांत उरकायचे, याची निवड जागोजाग दिसते. ही निवड म्हणजेच कला. उतारवयाने त्यांना त्यासाठी लागणारे अंतर दिले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मुलगा देवदत्त यांनी आईकडे आठवणी मागितल्या त्या टिळकांच्या चरित्रासाठी. साधन म्हणून सुरू झालेल्या या लेखनात लक्ष्मीबाई स्वतःच मध्यभागी आल्या. टिळक त्यांत आहेत, पण बायकोच्या नजरेतून.

अर्थात वय आपोआप प्रतिभा देत नाही. आनंदीबाई शिर्के यांचे 'सांजवात' 1972 चे, ऐंशीच्या घरातले. पण त्यामागे कथालेखनाचा दीर्घ सराव होता. लक्ष्मीबाईंच्या गद्यामागे तसा सराव नव्हता. बोलण्याची आयुष्यभराची सवय होती.

मराठवाड्याला हा धडा तातडीचा आहे. 1948 ची पोलीस अॅक्शन ज्यांना आठवते अशी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. जालन्याच्या गावांतून त्यांच्याकडे वही घेऊन जाणारे बहुधा रझाकारांबद्दल विचारतात, वडिलांबद्दल, नवऱ्याबद्दल विचारतात. उत्तर मिळते, पण सांगणारी व्यक्ती त्यातून निसटते. म्हणून प्रश्न थोडे कमी करावेत आणि वही आजीच्याच हाती द्यावी. अक्षर मोठे आले तरी चालेल.