नावाचे वाचन कोणाच्या हाती? जपानी व्यक्तिनामांच्या निमित्ताने

विशेषनाम व्यक्तीचा निर्देश करते, तिच्याविषयी काही सांगत नाही, ही जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये मांडलेली भूमिका सुपरिचित आहे. नाम हे मूलतः ध्वनिरूप असून लेखन ही त्याची केवळ नोंद होय, असे एक गृहीतक बहुधा तिच्या सोबतीने वावरते. देवनागरी वाचणाऱ्याला ते जाणवतही नाही. जपानी व्यक्तिनामांपाशी मात्र ते डळमळू लागते.

'हारुको' हे स्त्रीनाम घेऊ. त्यातील 'हारु'साठी वसंत, निरभ्र आकाश किंवा सूर्यप्रकाश अशा भिन्न अर्थांची चिनी चिन्हे (कांजी) योजता येतात. उलटपक्षी, सूर्यप्रकाशाचे चिन्ह योजून लिहिलेले तेच नाव 'योको' असेही वाचता येते. उच्चारावरून लेखन ठरत नाही आणि लेखनावरून उच्चार ठरत नाही. म्हणून 'हारुको म्हणजे वसंतकन्या' अशी समीकरणे फसवी ठरतात. येथे अर्थ ध्वनीत अंगभूत नसतो. तो निवडीतून सिद्ध होतो.

या निवडीतील सर्जनशीलता मोरी ओगाई (१८६२–१९२२) याच्या अपत्यांच्या नावांत दिसते. जर्मनीत शिकून आलेल्या या लेखकाने मुलांना 'ओतो', 'मारी', 'फुरित्सु' अशी नावे ठेवली. कानाला ती ओटो, मारी, फ्रिट्झ अशी युरोपीय वाटतात. डोळ्यांना मात्र निराळीच परंपरा दिसते. 'ओतो'ची चिन्हे म्हणजे प्राचीन चिनी ग्रंथांत नोंदलेला वाघासाठीचा चू देशातील शब्द. आणि १८९० हे त्याचे जन्मवर्ष व्याघ्रवर्षच होते. 'फुरित्सु' हे लेखणीच्या कुंचल्याचे जुने चिनी नाव. 'मारी' म्हणजे मोगरा. हा चिनी शब्द संस्कृत 'मल्लिका'वरून आलेला. एकाच नावात कान पश्चिमेकडे आणि डोळा पूर्वपरंपरेकडे वळतो. मेइजी काळातील सांस्कृतिक द्वंद्व ओगाईने येथे सोडवलेले नाही. ते त्याने नावातच नांदते ठेवले आहे. आपण देवनागरीत 'ओतो' लिहितो तेव्हा यातला अर्धा भाग हरवतो.

तथापि, यावरून चिन्हांच्या मुक्त लीलेचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. वाचन अनिश्चित असते, पण अनिर्बंध नसते. ते कोणीतरी ठरवीत असते. 'किमिफुसा' हे आपले नाव चिन्हे न बदलता 'कोबो' असे वाचून आबे कोबो (१९२४–१९९३) लेखक म्हणून वावरला. तेथे अधिकार नामधारकाचा होता. मुरासाकी शिकिबु जिच्या सेवेत होती त्या सम्राज्ञीला (९८८–१०७४) तो लाभला नाही. तिच्या नावाची चिन्हे उपलब्ध आहेत, पण तिला कोणत्या उच्चाराने हाक मारीत हे निश्चित नाही. 'अकिको' हे एक संभाव्य वाचन आहे. अभ्यासक मात्र चिनी वळणाने 'शोशी' असे वाचतात. हे वाचन म्हणजे विद्वत्तेने केलेली तडजोड आहे. नाव टिकले, हाक लोपली. मुरासाकी शिकिबुचे स्वतःचे व्यक्तिनाम तर निश्चितपणे ज्ञातच नाही.

आता या अधिकारात शासनही उतरले आहे. १९४८ पासून नावात कोणती चिन्हे वापरावीत यावर कायद्याचे बंधन होते. वाचनाची नोंद मात्र कुटुंबनोंदवहीचा (कोसेकी) वैधानिक भाग नव्हती. २०२३ च्या दुरुस्तीनुसार २६ मे २०२५ पासून ती नोंद आवश्यक झाली असून चिन्हांचे वाचन सर्वसाधारणपणे स्वीकृत असावे, अशी अट आहे. वाचनाच्या स्वातंत्र्यावर प्रथमच अशी वैधानिक सीमा आली. ओगाईसारख्या नामकर्त्याचे खेळ यापुढे कोणाच्या मान्यतेवर अवलंबून राहतील, हे यातून सूचित होते.

तात्पर्य, जपानी नावाबाबत 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न अपुरा आहे. ते कोणी लिहिले, कोणी वाचले आणि ते वाचन कोणाच्या अधिकाराने स्थिर झाले, हे विचारल्यावाचून त्याचा अर्थ हाती येत नाही. साहित्यकृतीच्या वाचनाबाबतही आपण हेच प्रश्न विचारीत असतो. नाव ही त्या प्रश्नांची सर्वांत लहान संहिता आहे, एवढेच.