विकाससंस्थांच्या डिजिटल प्रकल्पांचा नकाशा : एक टीकात्मक टिपण



शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी अलीकडे एक विषय वारंवार निवडला जातो. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, युनिसेफ, यूएनडीपी यांसारख्या संस्था भारतात डिजिटल रूपांतरणासाठी काय काय करीत आहेत, याचा नकाशा तयार करणे. विषय चांगला आहे. माहिती खुली आहे, ती डाउनलोड करता येते आणि पायथॉनमध्ये दोन आठवड्यांत देखणा डॅशबोर्ड उभा राहतो. परीक्षकही खूश होतात. असे बरेच नकाशे मी तपासले आहेत, सल्लागार कंपन्यांनी केलेलेही पाहिले आहेत. या टिपणात माझे म्हणणे एवढेच आहे की हे बहुतेक नकाशे कर्जांचे आणि अनुदानांचे असतात, आणि त्यांच्यावर पाटी मात्र ‘डिजिटल रूपांतरण’ अशी लावलेली असते. कर्ज एका तारखेला मंजूर होते आणि एका तारखेला बंद होते. माहितीची यंत्रणा अशी तारखेबरहुकूम जन्मत नाही आणि मरतही नाही.

हा वाद निव्वळ पुस्तकी नाही. नकाशा पाहून कुठे ‘पोकळी’ आहे हे ठरते, आणि पोकळी दिसली की तिथे नवे ॲप येते. ते ॲप भरायला माणूस मात्र जुनाच असतो.

आधी वर्गीकरण पाहू. देणगीदारांच्या व्यवहारांची सर्वांत मोठी नोंद ओईसीडी ठेवते. तिथे प्रत्येक प्रकल्पाला उद्देशाचा पाच अंकी सांकेतिक क्रमांक मिळतो. माहिती व संपर्क तंत्रज्ञानासाठी २२०४०, मूलभूत पोषणासाठी १२२४०. तुम्ही २२०४० ची चाळणी लावलीत तर पोषणाच्या प्रकल्पातून लाखभर अंगणवाड्यांत गेलेला मोबाइल त्या चाळणीतून गळून पडतो, कारण तो पोषणाच्या खात्यात आहे. मग विद्यार्थी दुसरा मार्ग धरतात, ‘डिजिटल’ हा शब्द मजकुरात शोधतात. तोही फसवा. १९९५ च्या कागदपत्रांत हा शब्द आजच्या अर्थाने येत नाही. तिथे ‘संगणकीकरण’ आणि ‘माहिती प्रणाली’ असते. आणि २०१८ नंतरच्या कागदपत्रांत तो इतक्या सढळ हाताने येतो की साधी एक्सेलची शीटही ‘डिजिटल’ होऊन बसते. शब्द शोधून केलेल्या आलेखात २०१५ नंतर जी उंच उडी दिसते, तिच्यात भाषेच्या फॅशनचा वाटा किती हे कोणी वेगळे काढलेले मला आढळले नाही.

ठिकाणाची गंमत तर आम्हाला इथे घरबसल्या दिसते. सेक्टर ६७ चे उदाहरण घ्या. चंदीगडमध्ये ‘सेक्टर’ म्हटले की लोकांना वाटते सगळे एकाच शहरातले. सेक्टर ६७ चा पिनकोड १६००६२. चंदीगडचे पिनकोडही १६० नेच सुरू होतात. कित्येक अर्जांवर आणि ऑनलाइन नकाशांवर हा पत्ता ‘चंदीगड’ म्हणूनच पडतो. प्रत्यक्षात हा भाग मोहालीत, म्हणजे पंजाबच्या साहिबजादा अजितसिंग नगर जिल्ह्यात येतो. नायपर ही औषधनिर्माणशास्त्रातली राष्ट्रीय संस्था याच सेक्टरमध्ये आहे. पिनकोडच्या पहिल्या तीन अंकांवर गट पाडणाऱ्या विद्यार्थ्याच्या नकाशात ती केंद्रशासित प्रदेशात जाऊन बसते, आणि पंजाबची एक संस्था कमी होते. इथे निदान चूक पकडता येते. पण ‘संपूर्ण भारत’ असा व्याप्तीचा प्रकल्प जेव्हा दिल्लीवर एका टिंबाने दाखवला जातो, तेव्हा ते टिंब कोणाच्याच डोळ्यांत खुपत नाही.

रंगाच्या नकाशातही हीच अडचण आहे. महाराष्ट्रातला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपला ‘पोकरा’, जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर २०१८ मध्ये सुरू झाला. मराठवाडा, विदर्भातले सहा जिल्हे आणि जळगाव मिळून सुरुवातीला १५ जिल्हे. नकाशात हे १५ जिल्हे पूर्ण रंगवले जातात. पण प्रकल्प होता निवडक पाच हजारांच्या आसपास गावांसाठी. शेजारच्या गावातला शेतकरी ठिबकसाठी वेगळ्या पोर्टलवर वेगळ्या नियमांनी अर्ज करीत होता. जिल्हा रंगवला की हे शेजारी एकाच रंगात बुडतात. याच प्रकल्पात आयआयटी मुंबईने गावपातळीवरच्या पाण्याच्या ताळेबंदाचे जे काम केले, ते मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते. ‘रक्कम’ या रकान्यात त्याचे वजन जवळपास शून्य.

आता जे उदाहरण मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घेऊन शिकवतो, त्याकडे येऊ.

जलविज्ञान प्रकल्प : एक यंत्रणा, तीन ओळी

१९९५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर भारतात जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला. दख्खनच्या पठारावरची आणि आसपासची नऊ राज्ये त्यात होती, महाराष्ट्र त्यांपैकी एक. नद्यांची पातळी, पाऊस, विहिरींतल्या पाण्याची पातळी, पाण्याची गुणवत्ता या सगळ्याची एकसंध माहिती प्रणाली उभारणे हा हेतू. तांत्रिक साहाय्य नेदरलँड्स सरकारने दिले; माहितीच्या विश्लेषणासाठी ‘हायमॉस’ हे डेल्फ्ट हायड्रॉलिक्सचे सॉफ्टवेअर वापरले गेले. महाराष्ट्राचे भूपृष्ठजलाचे काम नाशिकहून चालले. भूजलाच्या निरीक्षण विहिरी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. प्रकल्प २००३ मध्ये संपला. दुसरा टप्पा २००६ ते २०१४. त्यात गोवा आणि पंजाबही आले, आणि महाराष्ट्रात कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी क्षणोक्षणीची माहिती घेऊन धरणांचा विसर्ग ठरवायला मदत करणारी प्रणाली उभी राहिली. मग देशभरासाठीचा राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली.

तुमच्या डेटाबेसमध्ये या तीन स्वतंत्र ओळी आहेत. तीन क्रमांक, तीन रकमा, मध्ये दोन रिकाम्या जागा. शिवाय पहिल्या टप्प्याचा डच वाटा वेगळ्या देणगीदाराच्या नावावर. जोडलात तर एकच यंत्रणा दोनदा मोजली जाते, आणि सोडलात तर ज्यांनी सॉफ्टवेअर आणले, माणसे शिकवली तेच गायब. २००३ मध्ये भारत सरकारने मोजके मोठे देश सोडून बाकीच्यांची द्विपक्षीय मदत पुढे घ्यायची नाही असे ठरवले. नेदरलँड्स त्या बाकीच्यांत होते. म्हणजे नकाशात डच रेघ तिथे तुटते. ‘देणगीदाराने क्षेत्रातून माघार घेतली’ असा निष्कर्ष एका अहवालाच्या मसुद्यात मी वाचला आहे. निर्णय दिल्लीचा होता हे त्या लेखकाच्या तक्त्यात कुठेच नव्हते, मग त्याच्या डोक्यात तरी कसे येणार?

पण खरा प्रश्न त्या दोन रिकाम्या जागांचा आहे. २००३ ते २००६ या काळात पर्जन्यमापकाचे वाचन थांबले नव्हते. निरीक्षण विहिरीची पातळी वर्षातून ठरलेल्या चार वेळा मोजायची ही रीत कोणत्याही कर्जाहून जुनी आहे. शिडीवर चढून पट्टी वाचणारा कर्मचारी, वहीत आकडा टिपणारा, तो संगणकात चढवणारा कारकून, या साखळीचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो आणि तिजोरी आपल्या विकाससंस्थांच्या नकाशात नाही. बाहेरच्या पैशातून यंत्र येते, प्रशिक्षण येते, सर्व्हर येतो. विहिरीत बसवलेल्या स्वयंचलित पातळी-नोंदकाची बॅटरी प्रकल्प बंद झाल्यावर कोण बदलणार, हा प्रश्न प्रकल्पाच्या ओळीत बसत नाही. डिजिटल रूपांतरण टिकले की नाही हे तर त्या बॅटरीवर ठरते.

अंगणवाडी : नकाशात यश, वहीत दुप्पट काम

जागतिक बँकेने २०१२ मध्ये अंगणवाडी सेवा बळकट करण्याच्या प्रकल्पासाठी सुमारे १० कोटी ६० लाख डॉलर मंजूर केले. महाराष्ट्रासह आठ राज्ये त्यात होती. त्यातून पुढे ‘कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर’, सेविकांच्या बोलीत ‘कॅस’, आले. ते डिमॅगी या कंपनीच्या कॉमकेअर व्यासपीठावर बांधले होते आणि त्याला गेट्स फाउंडेशनचे साहाय्य होते. मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान जाहीर झाले, त्याच वर्षी बँकेने आणखी २० कोटी डॉलर मंजूर केले. अंगणवाडीच्या अकरा नोंदवह्यांपैकी दहा मोबाइलमध्ये आल्या. कोणत्याही नकाशात हे ठळक टिंब असणार, आणि असायलाच हवे.

पुढे काय झाले? कॅस थांबले. १ मार्च २०२१ पासून केंद्राचा ‘पोषण ट्रॅकर’ आला, वेगळे सॉफ्टवेअर. ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ठिकठिकाणी सेविकांनी सरकारी मोबाइल प्रकल्प कार्यालयात परत केले. हँडसेट जुने, मेमरी अपुरी, सतत अडकणारे, दुरुस्तीचा खर्च पदरचा. आणि नवे ॲप इंग्रजीत. मराठीत आठवी-दहावी शिकून वीस वर्षे वह्या बिनचूक भरणाऱ्या बाईंना मुलाचे नाव इंग्रजी लिपीत भरायला लावले, तर ‘रूपांतरण’ नेमके कशाचे झाले? तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या आपल्यासारख्यांना भाषा हा ‘नंतर घालायचा’ भाग वाटतो. अंगणवाडीत तोच पहिला भाग होता.

आता प्रकल्पाच्या ओळीकडे परत पाहा. देणगीदार, रक्कम, मंजुरीचे वर्ष, क्षेत्र : पोषण, साधन : मोबाइल ॲप, स्थिती : पूर्ण. एकही अक्षर खोटे नाही. मात्र कॅस बंद झाले, त्याजागी दुसरे आले, आणि मधल्या काळात सेविका वही व मोबाइल दोन्ही भरत होत्या, यातले काही त्या ओळीत नाही. गेट्स फाउंडेशन खासगी प्रतिष्ठान असल्यामुळे ‘विकाससंस्था’ या व्याख्येत घ्यायचे की नाही यावर विद्यार्थी तासभर वाद घालतात. घाला, पण त्याच्या निम्मा वेळ तरी सेविकेच्या हातातल्या हँडसेटला द्या.

उलट उदाहरणही आहे, ते लपवणे बरोबर नाही. लसींचा साठा आणि शीतसाखळीचे तापमान पाहणारी ‘ईविन’ ही प्रणाली यूएनडीपीने आरोग्य मंत्रालयासाठी, गावी या लसआघाडीच्या पैशातून २०१५ पासून राज्याराज्यांत नेली. जानेवारी २०२१ मध्ये कोविड लसीकरण सुरू झाले तेव्हा सरकारने कोविन ही ईविनचाच विस्तार म्हणून मांडली. म्हणजे एका प्रकल्पाची कमाई दुसऱ्याच्या कामी आली. नकाशात हे दिसते का? नाही. कोविनची ओळ भारत सरकारच्या नावावर, बाहेरची रक्कम जवळपास नाही. ईविनची ओळ वेगळ्या पानावर. अपयश लपते तसा वारसाही लपतो.

मग नकाशा करूच नये का? पैशाचा हिशेब ठेवायला तो हवाच. २००८ मध्ये अक्रा इथे मदतीच्या पारदर्शकतेचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, तो याचसाठी, आणि त्याआधी अशी माहिती मिळवायला संस्थांच्या दारात खेटे घालावे लागत. पण तक्त्याचे एकक बदला. ओळ प्रकल्पाची न करता यंत्रणेची करा : ‘अंगणवाडी नोंदी, महाराष्ट्र’, ‘निरीक्षण विहिरी, महाराष्ट्र’. त्या ओळीवर प्रकल्प येतील आणि जातील. मग रकाने आपोआप वेगळे सुचतात. आधी काय होते, कागद की दुसरे ॲप? आकडा पहिल्यांदा कोण भरतो, कोणत्या भाषेत, पगार कोण देते? बाहेरचा पैसा थांबल्यावर जुनी माहिती कुठे गेली? जागतिक बँकेचे प्रकल्प-समाप्ती अहवाल खुले असतात. त्यांतली शाश्वततेवरची दोन-तीन पाने वाचा, विद्यार्थी नेमकी तीच उलटून टाकतात. उरलेल्यासाठी माहितीचा अधिकार आहे आणि तुमच्या गावची अंगणवाडी आहे.

एक व्यावहारिक सूचना. मूळ माहिती उतरवून तारखेसह जपून ठेवा. २०२५ च्या फेब्रुवारीत यूएसएआयडीचे संकेतस्थळ बंद झाले आणि जुलैपर्यंत ती संस्थाच गुंडाळली गेली. ज्यांच्या तक्त्यात फक्त दुवे होते त्यांचे दुवे मेले.

आणि तोंडी परीक्षेला येताना एवढे करा. नकाशावरचे कोणतेही एक टिंब निवडा, तिथे आज सकाळी नोंद कोणी भरली ते मला सांगा. उत्तर मिळाले नसेल तर तो रकाना रिकामाच छापा. गेल्या वर्षी एका गटाने एकूण ११२ ओळींपैकी ९७ रकाने असे रिकामे आणले होते. त्यांच्याशी चर्चा सर्वांत लांब चालली.